हरलेल्याला ‘शेलॅक’ का करतात? पळसावरच्या किड्यापासून इंग्रजी क्रियापदापर्यंत

३ नोव्हेंबर २०१०. अमेरिकेत आदल्या दिवशी मध्यावधी निवडणूक झालेली आणि बराक ओबामांच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या तब्बल ६३ जागा गेलेल्या. पत्रकार परिषदेत ओबामा म्हणाले की काल रात्री मी जसं शेलॅकिंग खाल्लं तसं पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने खावं अशी काही माझी शिफारस नाही. झालं, पेपरांना हेडिंग मिळालं. चार वर्षं आधी बुश साहेबांचा पक्ष असाच आपटला होता तेव्हा ते ‘थंपिंग’ म्हणाले होते, पण तो शब्द सोपा आहे, धपाधप असा आवाजच येतो त्यातून. शेलॅकिंगमधून काहीच ऐकू येत नाही. आणि योगायोग बघा, हे बोलून तीनच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, ओबामा मुंबईत उतरले, ऐन दिवाळीत, म्हणजे ज्या देशातल्या झाडांवरून तो शब्द निघाला होता त्याच देशात.

हो, झाडांवरून. शेलॅक करणं म्हणजे सपाटून हरवणं, धुव्वा उडवणं, आणि हे क्रियापद निघालंय एका किड्याच्या अंगातून, शब्दशः. आता तो रस्ता कसा आहे ते नीट सांगतो, जरा लांबण लागेल पण रस्त्यात एरंडोल पण लागतं आणि जळगावचा सराफ बाजार पण लागतो.

आधी वस्तू. शेलॅक म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या सुताराचा चपडा. सागवानी दार, जुनं कपाट, देव्हारा याला पॉलिश करायचं असलं की पॉलिशवाला हार्डवेअरच्या दुकानातून पावशेर चपडा आणतो, केशरी-तपकिरी, काचेसारखे पातळ तुकडे, ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत टाकतो, सकाळी मधासारखं पाणी तयार. मग सुती कपड्यात कापसाचा बोळा गुंडाळायचा, त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात, दोन हात, वाळू द्यायचं, पुन्हा. स्पिरिट उडून जातं, लाखेचा पापुद्रा मागे राहतो आणि लाकडाच्या रेषा आतून पेटल्यासारख्या दिसायला लागतात. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. ओळखायची खूण पण सांगून ठेवतो, अशा टेबलावर गरम चहाचा कप तसाच ठेवला की खाली पांढरं वर्तुळ उमटतं, कारण लाखेला उष्णता पण सोसत नाही आणि ओल पण. घरात असं वर्तुळ असलेलं जुनं टेबल असेल तर तुमच्याकडे शेलॅक असण्याची बरीच शक्यता आहे.

आता हा चपडा येतो कुठून? इथे किडा येतो. शास्त्रीय नाव केरिया लॅका. तुम्ही कापूस लावत असाल तर याच्या भाऊबंदांना तुम्ही चांगलं ओळखता, कपाशीवर पांढरा भुरा पडल्यासारखा जो पिठ्या ढेकूण येतो ना, मिलीबग, त्याच्याच गोतातला हा. फरक इतकाच की पिठ्या ढेकूण आपलं नुकसान करतो आणि मेणचट पांढरी पूड पांघरून बसतो, हा पांघरायला लाख तयार करतो. पिल्लं जेमतेम अर्धा मिलिमीटरची, लालसर, आईच्या कवचातून हजारोंनी बाहेर पडतात आणि कोवळ्या फांदीवर सरकत जाऊन जागा धरतात. एकदा सोंड सालीत घातली की संपलं, मादी आयुष्यात परत तिथून हलत नाही, तिचे पायसुद्धा झिजून जातात. झाडाचा रस पीत राहायचं आणि अंगातून राळ सोडत राहायची, शेजारीण पण तेच करतेय, तिची शेजारीण पण, होता होता सगळ्यांची राळ एकमेकींत मिसळून फांदीभोवती खडबडीत तांबडा थर चढतो. ही झाली लाख. नर मोठा होतो, मादी शोधतो आणि थोड्या दिवसांत मरून जातो, लाखेच्या धंद्यात त्याला फारशी किंमत नाही.

झाडं कुठली, तर पळस, बोर आणि कुसुम ही मुख्य. पळस आणि बोर आपल्याकडे तापीकाठापासून सातपुड्यापर्यंत कुठेही उभे दिसतील, पण लाखेची शेती म्हणून बघायची तर झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगाल आणि आपल्या राज्यात गोंदियाकडचा पट्टा. तिथे याचे रीतसर हंगाम असतात, पळस-बोरीवरच्या जातीला रंगीनी म्हणतात, तिची पिकं कतकी आणि बैसाखी, आणि कुसुमवरच्या कुसुमी जातीची पिकं अगहनी आणि जेठवी, म्हणजे कार्तिक, वैशाख, मार्गशीर्ष, ज्येष्ठ, ज्या महिन्यात काढणी त्याचं नाव पिकाला. खरीप-रब्बी म्हणण्यापेक्षा मला तरी हे आवडतं. रांचीजवळ नामकुमला या एका किड्यासाठी १९२४ मध्ये संशोधन संस्था निघाली, हे पण जाता जाता.

फांद्या तोडून खरवडली की कच्ची लाख. ती कुटायची, पाण्यात खळखळून धुवायची, लाल रंग पाण्यात निघून जातो आणि दाणे उरतात, हा लाखदाणा. पुढचं काम बघण्यासारखं. जुन्या पद्धतीत लांबलचक कापडी पिशवीत, पिशवी कसली, कापडाची नळीच, दाणा भरायचा, एक टोक एकाने धरायचं, भट्टीसमोर नेऊन दुसऱ्याने पीळ द्यायचा. लाख साधारण ७५-८० अंशांना वितळते, ती कापडातून गाळून बाहेर येते, कचरा आत राहतो. वितळलेला गोळा गुळगुळीत नळकांड्यावर पसरायचा, आणि मग कारागीर तो गरम पत्रा उचलून दोन्ही हातांत, पायांच्या बोटांत आणि दातांत धरून चहूबाजूंनी ताणायचा. दातांत, खरंच. ताणत ताणत पार आरपार दिसेल इतका पातळ करायचा. गार झाला की तो वाळलेल्या बिबडीसारखा, हात लावला की कडाकडा मोडतो. ते मोडलेले पापुद्रे म्हणजे चपडा.

आणि नेमकं इथेच इंग्रजी नाव जन्माला आलं. फ्रेंच व्यापारी या मालाला म्हणायचे ‘लाक आं एकाय’, म्हणजे खवल्या-खवल्यांची लाख, माशाला असतात तसले खवले. इंग्रजांनी ते आपल्या भाषेत उतरवलं, खवल्या-टरफलाला शेल आणि पुढे लाखेचं लॅक, झालं शेल-लॅक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत हा शब्द सापडतो. म्हणजे अर्धा शब्द त्यांचा आणि अर्धा आपला. हे मुद्दाम सांगतोय कारण असं काही लिहिलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळी इंग्रजी संस्कृतातून आली’ असं फिरायला लागतं, तसं काही नाहीये, शेल हा पक्का इंग्रजी शब्द आहे, त्याचा आपल्याशी संबंध नाही.

लॅकचं मात्र खणत गेलं तर मजा आहे. संस्कृत लाक्षा, प्राकृतात लक्खा, त्यावरून लाख. इराणी लोकांनी लाक केलं, अरबांनी लक्क, लॅटिनमध्ये लाक्का, पोर्तुगीजांनी त्यावरून लाक्रे केलं. पोर्तुगीज म्हणजे गोवा आलाच, गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्यात लाखेवर वेगळं प्रकरण आहे. याच लाक्रेवरून इंग्रजी लॅकर. आता यात एक गंमत, चीन-जपानचं जे प्रसिद्ध लॅकरकाम असतं, चकचकीत काळ्या-लाल पेट्या, वाट्या, त्यात किडा अजिबात नसतो, तो एका झाडाचा चीक असतो, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, अंगाला लागलं की तसंच उततं. पण युरोपी लोकांना चकाकी सारखी दिसली, त्यांनी किड्याचं नाव झाडाच्या चिकाला देऊन टाकलं.

लाक्षाचा लक्ष म्हणजे १,००,००० शी संबंध आहे असं बरेच जण सांगतात, असंख्य किडे म्हणून लाख. ऐकायला छानच वाटतं, पण भाषेचे अभ्यासक जास्त करून दुसरीकडे बोट दाखवतात, लाक्षाचं आधीचं रूप राक्षा असावं आणि त्याचं मूळ रंग, रंजन या शब्दांच्या घरात, म्हणजे लाल रंगवणारी ती लाक्षा. मला दुसरं पटतं. कारण जुन्या काळात राळेपेक्षा रंगालाच मान होता, पायाला लावायचा अळता लाखेच्या रंगाचाच, संस्कृत अलक्तक तो हाच. आणि अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात तर लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, काठीने, बाणाने झालेली जखम भरून काढ असं तिला म्हटलंय, आणि ती कुठल्या झाडांवरून येते त्यांची नावंपण दिलीत, पिंपळ, खैर, वड, आणि पर्ण म्हणजे पळस.

आता एरंडोल. लाख म्हटलं की आपल्याला पहिलं आठवतं लाक्षागृह, वारणावतातलं, पांडवांना जाळायला पुरोचनाने बांधलेलं, विदुराने आधीच सावध केलं म्हणून ते भुयारातून निसटले. लाख पेट घेते, भुरुभुरु जळते, त्यामुळे कथेत ही वस्तू विचार करूनच निवडलीय. निसटून ते गेले एकचक्रा नगरीत, तिथे भीमाने बकासुर मारला, आणि आपल्याकडची परंपरा सांगते की एकचक्रा म्हणजेच एरंडोल, तिथला पांडववाडा, आणि जवळच पद्मालयला भीमकुंड. इतिहास म्हणून नका घेऊ, पण खान्देशात लाखेची गोष्ट निघाली आणि हे नाही सांगितलं तर एरंडोलवाले मला सोडणार नाहीत.

जळगावच्या सराफ बाजाराचं तर लाखेशिवाय पान हलत नाही, निदान जुन्या दागिन्यांचं. बोरमाळेचे मणी बाहेरून भरीव दिसतात पण सोन्याचा पत्रा कागदासारखा, आत लाख. लाख भरली नाही तर दाबल्यासरशी मणी चेपणार. वितळवून आत ओतली की आकार धरून ठेवते, आणि नकशी ठोकताना सोनार दागिना लाखेच्या थापीवर बसवतो म्हणजे ठोके खालून झेलले जातात. मोडीला न्या, सराफ आधीच सांगतो, ‘लाखचं वजन वजा होईल ताई’, आणि मग लाख काढल्यावर काट्यावर जो आकडा येतो तो बघून ताईंचा चेहरा पडतो. कोर्टा-कचेरीत पाकिटावर टपकन पडणारी लाल लाख, तीवर पितळी शिक्का, तो पण आपल्या ओळखीचा. विळ्या-खुरप्याची मूठ बसवायला पण हीच.

बरं, युरोपातल्या लोकांना हा किडाच आहे हे फार उशिरा नीट कळलं. पंखवाल्या मुंग्या झाडावर लाख बनवतात असा त्यांच्यात बराच काळ समज होता, आणि त्याचं कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. मावा पडलेल्या कपाशीवर मुंगळ्यांची रांग लागते की नाही? माव्याच्या चिकट गोड पाण्यासाठी. लाखेचा किडा पण तसंच गोड पाणी सोडतो, म्हणून त्या फांदीवर मुंग्याच मुंग्या. बघणाऱ्याने मुंग्या बघितल्या आणि लिहून टाकलं. शेवटी पाटण्यात असलेल्या जेम्स केर या माणसाने १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला या किड्याचं नीट वर्णन पाठवलं, केरिया नावातला केर तो हाच.

पुढे या मालाचं खरं सोनं झालं ते गाण्यांमुळे. गाण्याची ती जुनी काळी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, पडली की फुटणारी, ती शेलॅकची. नुसती शेलॅक नाही, त्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू पण, पण सगळ्याला धरून ठेवणारी राळ शेलॅक. ग्रामोफोन काढणाऱ्या एमिल बर्लिनरने १८९५ च्या सुमारास रबर सोडून शेलॅक धरलं आणि पुढची पन्नासेक वर्षं जगाचं गाणं आपल्या किड्यांवर चाललं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या, म्हणजे इकडची लाख तिकडे आणि तिकडून तबकडी होऊन परत इकडे. कलकत्त्याला स्वतःचा कारखाना १९०८ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं अडली तशी अमेरिकेला शेलॅकची इतकी चणचण लागली की १९४२ मध्ये सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातली, लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून परत वितळवल्या. १९४८ ला व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, एलपी तबकडी आली आणि किड्याची सुट्टी झाली.

आता मूळ प्रश्न, पॉलिशचं नाव मारहाणीला कसं लागलं. क्रियापद आधी साधंच होतं, शेलॅक करणं म्हणजे शेलॅकचा हात देणं, एकोणिसाव्या शतकात लाकूडकामवाले सर्रास वापरायचे. उलटा अर्थ आला अमेरिकेत, १९२० नंतर, बोलीभाषेतून. त्या दशकात ‘शेलॅक्ड’ म्हणजे आधी टुन्न झालेला, तर्र. इंग्रजीत दारुड्याला प्लास्टर झालेला पण म्हणतात, भिंतीला जसं प्लास्टर तसं लाकडाला शेलॅक, त्याच चालीवर हे. आणि त्याच सुमाराला, १९३० च्या आगेमागे, शेलॅकिंग म्हणजे बेदम मार, मग खेळातला दारुण पराभव. कोशकार यामागचं कारण देताना ‘बहुधा’ लावतात, पण सांगतात ते असं की शेलॅकचा हात म्हणजे सामानावरचा शेवटचा हात, काम फिनिश, आणि इंग्रजीत माणसालाही फिनिश करतात.

मराठी माणसाला हे पटायला काहीच त्रास नाही. ‘थोबाड रंगवीन’ म्हणतो ना आपण? गाल रंगवला, पाठ रंगवून काढली. धुलाई झाली. चोप दिला, आणि चोपणं काय, तर मातीची जमीन चोपण्याने ठोकून ठोकून गुळगुळीत करायची ती. घर नीटनेटकं करायची जेवढी कामं आहेत, धुणं, रंगवणं, चोपणं, ती सगळी आपण मारामारीला लावलीत. अमेरिकन सुताराने तेच केलं, त्याच्या हातात ब्रश होता आणि डब्यात भारतातली लाख. कुणीतरी ठरवून केलेलं नसतं हे, वर्कशॉपमधले लोक हसत-खिदळत बोलतात आणि शब्द सरकतो. मला त्यामुळे ते फिनिशवालं कारण अर्धवट वाटतं, फिनिश म्हणजे शेवट हा एवढा हिशेब करून कोण शिवी देतं? वर्कशॉपमध्ये बोळा घासून घासून हात भरून येतात, तीच घासाघीस माणसावर काढली, इतकं सरळ असेल असं माझं मत. मत आहे, पुरावा नाही.

किड्या-बिड्यांवरून इंग्रजीत अजून क्रियापदं आहेत, त्रास देण्याला बग करणं म्हणतात ते तर सगळ्यांना माहीत, आणि लाजेने लाल होण्याला क्रिमझन होणं, तो क्रिमझन म्हणजे आपला किरमिजी, तो पण एका किड्याचा रंग आणि त्या नावात बहुतेक कृमी लपलेला आहे. पण तिथे अर्थ कसा आला ते लगेच कळतं, बग त्रास देतो, किरमिजी लाल असतो. शेलॅकमध्ये किडा, झाड, भट्टी, दात, जहाज, सुतार आणि मग मार, एवढी मोठी साखळी आहे, म्हणून हा माझा आवडता.

वापरायचा असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. लिहिताना शेवटी सी आहे पण भूतकाळात किंवा इंग लावताना मधे के वाढतो, पिकनिकला वाढतो तसाच, नाहीतर वाचणारा शेलॅस्ड असं काहीतरी वाचेल. शब्द अमेरिकन थाटाचा आहे, इंग्लंडमधल्या माणसाला कळेल पण तो स्वतः सहसा थ्रॅशिंग किंवा हॅमरिंग म्हणेल. आणि खऱ्या मारहाणीच्या बातमीत, म्हणजे कुणी हॉस्पिटलमध्ये आहे अशा ठिकाणी, नका वापरू, थट्टा केल्यासारखं वाटतं. ग्रामपंचायतीत पॅनल आडवं झालं, टीम ४० रन्समध्ये गुंडाळली, कॅरममध्ये पोराने बापाला सलग हरवलं, तिथे बिनधास्त. हरलेल्याने स्वतःबद्दल वापरला तर अजून चांगला बसतो, ओबामांनी वापरला तसा.